विज्ञान दिनाला पुण्याला जायचे, तर आधी काय करायचे?

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपल्या देशात राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतात. १९८७ सालापासून ही प्रथा आहे. या दिवसाच्या सुमारास पुण्यातल्या कितीतरी संशोधन संस्था सर्वांसाठी दारे उघडतात. एरवी फाटकावर पहारेकरी असतो. त्या दिवशी मात्र कोणीही आत जावे, यंत्रे पाहावीत, शास्त्रज्ञांना विचारावे.

आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला विज्ञान दिनाचे प्रदर्शन भरते, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलेच असेल. पुण्यात एकाच वेळी अनेक ठिकाणी पाहण्यासारखे असते. पण बरं का, नुसते गाडीत बसून गेलो तर सहल होते, शिकणे होत नाही. म्हणून हा पाठ नीट वाचा.

१. हा दिवस कशाचा?

१९२१ साली सी. व्ही. रामन बोटीने विलायतेहून परत येत होते. भूमध्य समुद्राचे निळेशार पाणी पाहून त्यांना प्रश्न पडला, हे निळे का? त्या वेळचे मोठमोठे शास्त्रज्ञ सांगत, की आभाळाची निळाई पाण्यात दिसते, एवढेच. रामन यांच्याजवळ एक छोटा खास लोलक होता. त्यातून पाहिले की पाण्यावर पडलेले आभाळाचे प्रतिबिंब पुसले जाई. त्यांनी पाहिले, तरी पाणी निळेच! म्हणजे पाणी स्वतःच प्रकाश विखुरते.

या प्रश्नाचा पिच्छा त्यांनी सोडला नाही. कलकत्त्यात के. एस. कृष्णन यांच्याबरोबर प्रयोग करता करता २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना दिसले, की पदार्थातून विखुरताना थोड्याशा प्रकाशाचा रंगच बदलतो. या शोधाला १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांनो, सुरुवात कशाने झाली? एका प्रश्नाने. तेव्हा विज्ञान दिनाला रिकाम्या हाताने गेलो तरी चालेल, पण प्रश्नाशिवाय जाऊ नये.

२. दिवसाचा हिशेब

नारायणगावहून पुणे सुमारे ७५ किलोमीटर. चाकणची गर्दी तुम्हांला ठाऊक आहे. तेव्हा तीन तास धरू. सकाळी साडेसहाला निघालो, तर साडेनऊला पोचू. दार १० वाजता उघडते आणि परत यायला ४ वाजता निघायचे, असे समजू. म्हणजे हातात ६ तास, अर्थात ३६० मिनिटे.

आता वजाबाकी करा :
जेवण, पाणी, लघवी – ६० मिनिटे
एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे – ६० मिनिटे
रांगेत उभे राहणे – ६० मिनिटे
उरले १८० मिनिटे.

तीन ठिकाणे पाहिली, तर प्रत्येकी ६० मिनिटे मिळतात. नऊ पाहिली, तर २०! आणि ठिकाणे वाढली की जाण्याचा व रांगेचा वेळही वाढतो, म्हणजे २० सुद्धा उरणार नाहीत. वीस मिनिटांत पन्नास मुले एका यंत्रापुढून फक्त सरकतात. कोणाला काही विचारता येत नाही. म्हणून आपण तीनच ठिकाणे घ्यायची. बाकीची राहिली तर राहू द्या.

३. कोणती तीन?

नाव मोठे म्हणून निवडू नये. आपल्या घराशी, शेताशी, आभाळाशी ज्याचा संबंध आहे ते आधी घ्यावे.

(अ) आयुका. ही संस्था सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. १९८८ साली ती सुरू झाली. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) तिचे पहिले संचालक. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल! येथे फुकोचा लंबक आहे. फुको यांनी १८५१ साली पॅरिसमध्ये असा लंबक टांगून पृथ्वी फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखवले. लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते. पण पुण्यात ती तासाला सुमारे पावणेपाच अंशच वळते. घड्याळाचा मिनिटकाटा तर एका मिनिटातच ६ अंश फिरतो! तेव्हा लंबकापुढे दोन मिनिटे उभे राहून काही कळायचे नाही. गेल्याबरोबर दिशा वहीत काढून ठेवा आणि निघताना पुन्हा जाऊन पाहा.

(आ) भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था, पाषाण. पाऊस, ढग, वीज यांचा अभ्यास येथे चालतो. वीज पडण्याची सूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाईलवरचे साधन या संस्थेनेच तयार केले. रानात गुरे राखणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची ही गोष्ट आहे.

(इ) आघारकर संशोधन संस्था. १९४६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने गहू, सोयाबीन, द्राक्षे यांच्या नव्या जाती तयार केल्या आहेत. ‘एआरआय-५१६’ ही रसाला चांगली आणि बुरशीच्या रोगांपुढे टिकणारी द्राक्षाची जात येथलीच. आपल्याकडे डावणी आणि भुरीच्या फवारणीपायी शेतकऱ्याचा किती पैसा जातो, ते घरी विचारा.

पहिली दोन ठिकाणे एकमेकांच्या जवळ आहेत. तिसरे शहराच्या आतल्या बाजूला आहे. म्हणून तोच क्रम ठेवावा. कोणती संस्था कोणत्या दिवशी, किती वाजता उघडी राहील, हे दरवर्षी महिनाभर आधी पत्राने किंवा फोनने विचारावे. मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नये. आपण किती मुले येणार तेही कळवावे.

४. चांगला प्रश्न कसा करावा?

“हे काय आहे?” हा प्रश्न वाईट नाही, पण त्याचे उत्तर शेजारच्या पाटीवरच लिहिलेले असते. आपण पाहिलेल्या गोष्टीतून निघालेला प्रश्न चांगला. उदाहरणार्थ :

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला ३० तबकड्या आहेत. प्रत्येक तबकडी ४५ मीटर रुंद. पण ती पत्र्याची नाही, तारेच्या जाळीची आहे. मग आभाळातून येणाऱ्या लहरी जाळीतून निसटून जात नाहीत का?

पाहा, असा प्रश्न ऐकून शास्त्रज्ञही थांबून बोलतात. याचे उत्तर असे. चाळणीतून पीठ खाली जाते, पण गहू वरच राहतो. या रेडिओ लहरींची लांबी वीतभरापासून माणसाहून अधिक असते. जाळीची भोके त्यामानाने फारच बारीक, म्हणून लहरी आरपार न जाता परत फिरतात. वाऱ्याला मात्र वाट मिळते. तबकडी हलकी होते आणि खर्चही वाचतो.

५. मागे राहणाऱ्यांचे काय?

गाडीत सगळे मावणार नाहीत. पहिली-दुसरीची मुले शाळेतच राहतील. कोणाच्या घरी खर्चाची अडचण असेल, कोणी त्या दिवशी आजारी पडेल. विज्ञान त्यांचेही आहे. म्हणून वर्गात प्रश्नपेटी ठेवली आहे. राहणाऱ्या प्रत्येकाने एक प्रश्न नावासह पेटीत टाकावा. जाणाऱ्या प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलावी. तो प्रश्न तुमच्या जबाबदारीचा. स्वतःचा विसरलात तरी चालेल, दुसऱ्याचा विसरू नका. परत आल्यावर त्याच्याशेजारी बसून उत्तर सांगायचे. “हे अजून कोणालाच माहीत नाही,” असे शास्त्रज्ञ म्हणाले, तर तेही जसेच्या तसे सांगा. तेही खरे उत्तरच आहे.

६. बरोबर काय घ्यावे?

भाकरीचा डबा, पाण्याची बाटली, वही, दोन पेन्सिली. अंगात शाळेचा गणवेश. पालकांचे संमतीपत्र आठवडाभर आधी बाईंकडे द्यावे. दोघादोघांच्या जोड्या ठरवाव्यात. गाडीत चढताना प्रत्येक वेळी मोजणी होईल. आणि हो, सांगितल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. “हात लावू का?” असे मात्र जरूर विचारा. पुष्कळदा “लाव की!” असे उत्तर मिळते.

स्वाध्याय

१) दार ११ वाजता उघडले आणि परत निघायची वेळ तीच राहिली, तर पाहण्यासाठी किती मिनिटे उरतील? मग किती ठिकाणे घ्यावीत?
२) पुण्यातल्या लंबकाची दिशा तीन तासांत सुमारे किती अंश वळेल? कोनमापकाने तेवढा कोन काढून दाखवा.
३) घरी, शेतात किंवा आभाळात रोज दिसणाऱ्या एका गोष्टीवर ‘का’ किंवा ‘कसे’ असलेला प्रश्न लिहा व शनिवारपर्यंत पेटीत टाका.