धडा उघडण्यापूर्वी

प्रश्न : दहावीच्या ‘इंग्लिश कुमारभारती’मधील धड्याआधीचा ‘वॉर्मिंग अप’ हा भाग वगळून थेट धडा शिकवला तर चालेल का? – एक शिक्षिका, दिवाळे

उत्तर : तो वगळू नये, कारण तो विद्यार्थ्याचे पूर्वज्ञान जागे करतो; मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली मांडल्याप्रमाणे वाचक मजकूर जसाच्या तसा साठवत नाही, तर पूर्वानुभवातून मनात घडलेल्या आराखड्यात, म्हणजेच ‘स्कीमा’त, बसवून त्याचा अर्थ लावतो. दिवाळ्याच्या कोळीवाड्यातील विद्यार्थ्याला भरती-ओहोटी, जाळी, होड्या आणि मासळीचा बाजार यांची जाण घरातूनच मिळालेली असते, तरीही समुद्रावरील इंग्रजी उताऱ्यापुढे तो गप्प राहतो, तेव्हा उणीव ज्ञानाची नसून इंग्रजी शब्दांची असते. म्हणून आरंभी त्याला मराठीत किंवा घरच्या कोळी बोलीत मोकळेपणाने बोलू द्यावे, त्याने सांगितलेल्या शब्दांशेजारी फळ्यावर इंग्रजी शब्द लिहावेत आणि शीर्षक व चित्रावरून उताऱ्याविषयी अंदाज बांधायला लावावे. पुस्तकातील कृती संपूर्ण राज्यासाठी रचलेल्या असल्याने त्या गावाच्या अनुभवानुसार बदलणे हे शिक्षकाचे कर्तव्यच ठरते. मात्र पूर्वज्ञान कधी दिशाभूलही करते. बर्फाळ समुद्राचे वर्णन विद्यार्थी पनवेलच्या खाडीवरून समजून घेऊ लागले, तर वाचनानंतर मूळ अंदाज उताऱ्याशी ताडून त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावेत.