सामान्यांच्या आवाक्यातील शिडाची होडी

जलविहाराची आवड कोणालाही असू शकते. परंतु स्वतःची शिडाची होडी बाळगावयाची म्हणजे तिहेरी भार सोसावा लागतो. होडी बांधून घेण्याचा खर्च हा पहिला. बंदरात तिला जागा मिळविण्यासाठी द्यावयाचे भाडे हा दुसरा. होडी सतत पाण्यात राहिल्याने तळाला शेवाळ व शिंपले चिकटतात; ते खरवडून काढण्याचा खर्च हा तिसरा. या तिन्ही अडचणींवर एकाच वेळी उपाय शोधण्याचा एक यशस्वी प्रयत्न १९६३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये झाला. ‘मिरर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या छोट्या होडीची माहिती जलाशय व सागरकिनारा लाभलेल्या आपल्या राज्यातील वाचकांनाही उद्‌बोधक वाटेल.

वृत्तपत्राच्या नावाची होडी

‘डेली मिरर’ या लंडनच्या दैनिकाने या होडीचा पुरस्कार केला; तिचे नाव व तिची लाल शिडे ही त्याचीच खूण होय. घरच्या घरी सुतारकाम कसे करावे, हे दूरचित्रवाणीवरून लोकांना शिकविणारे बॅरी बकनेल आणि होड्यांचे नामवंत आराखडाकार जॅक होल्ट या दोघांच्या सहकार्यातून ती साकार झाली. होडीचे कापून तयार केलेले भाग ग्राहकाला एकत्र मिळत आणि ते जोडून त्याने स्वतः होडी उभी करावयाची, अशी ही योजना होती. आरंभी या संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग होती. पुढे या वर्गाच्या ७० हजारांहून अधिक होड्या तयार झाल्या.

होडीची लांबी सुमारे ३.३ मीटर, रुंदी सुमारे १.४ मीटर आणि रिकाम्या सांगाड्याचे वजन सुमारे ४५ किलोग्रॅम असते. दोन माणसे ती सहज उचलू शकतात. शिडावर, वल्ह्यांवर किंवा लहानशा यंत्रावर, अशा तिन्ही प्रकारे ती चालविता येते. एवढ्याशा होडीतून ए. जे. मॅकिनन या शिक्षकाने १९९७-९८ मध्ये इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातून निघून नद्या व कालव्यांच्या मार्गाने थेट काळ्या समुद्रापर्यंत मजल मारली.

तारेची शिलाई

होडी बांधणे हे परंपरेने कसबी कारागिराचे काम. आधी फासळ्यांचा सांगाडा उभारावयाचा आणि मग त्यावर फळ्या वाकवून बसवावयाच्या, ही त्याची रीत. ‘मिरर’मध्ये हा क्रम बदलण्यात आला. प्लायवुडच्या कापलेल्या फळ्यांच्या कडांना लहान छिद्रे पाडून त्या तांब्याच्या तारेने एकमेकींना टाचावयाच्या. तार पिळून घट्ट केली की सपाट फळ्यांना आपोआप होडीचा बाक येतो. नंतर सांध्यांवर काचतंतूची पट्टी रेझिनमध्ये भिजवून चिकटविली जाते. ती वाळली की सांध्याचे बळ पट्टीत येते आणि तारेचे काम संपते. फळ्यांचा आकारच होडीला घडवीत असल्याने नवशिक्यालाही हे काम साधते.

फळ्या शिवून नौका बांधण्याची कला आपल्या पश्चिम किनाऱ्याला नवी नाही. गोव्यात बांधलेली व २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही नौका काथ्याच्या दोरीने शिवलेली आहे. दोहोंत फरक असा की, काथ्याची शिलाई नौकेला कायम धरून ठेवते, तर तारेचे टाके चिकटपट्टी पक्की होईपर्यंतच उपयोगी पडतात.

मोटारीमागून पाण्यापर्यंत

या होडीची डोलकाठी आखूड असून तिच्यावर दुसरी काठी जवळजवळ उभी चढविली जाते. म्हणून शिडाला पुरेशी उंची मिळते, आणि सोडल्यावर सर्व काठ्या होडीच्या लांबीत मावतात. होडी मोटारीच्या टपावर किंवा हलक्या ट्रेलरवर नेता येते आणि एरवी घराच्या आवारात ठेवता येते. त्यामुळे बंदराचे भाडे वाचते व तळही स्वच्छ राहतो.

मात्र काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. ट्रेलरवर होडी पुढून व मागून दोरीने बांधावी. ट्रेलरची चाके खाऱ्या पाण्यात गेली असल्यास ती गोड्या पाण्याने धुऊन बेअरिंगला ग्रीस द्यावे. डोलकाठी उभी करण्यापूर्वी वर वीजवाहक तारा नाहीत, हे पाहावे. काठीचा तारेला स्पर्श झाल्यास प्राणघातक अपघात होतो. प्लायवुड कुजते ते बहुधा उघड्या कडेतून पाणी शिरल्याने. म्हणून रंग-रोगण वेळेवर करावे आणि होडी ठेवताना कप्प्यांची बुचे काढून आत हवा खेळू द्यावी.

पाण्यात उतरण्यापूर्वी

कप्प्यांची काढलेली बुचे पाण्यात उतरण्यापूर्वी पुन्हा घट्ट बसवावीत, कारण होडी उलटली तरी ती याच हवाबंद कप्प्यांमुळे तरंगत राहते. प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट काठावरच घालावे. जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा वारा फसवा असतो: काठाजवळ पाणी शांत दिसते, पण आत जावे तसा वारा वाढतो आणि परतणे अवघड होते. वाऱ्याच्या थेट तोंडाला कोणतीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. तिला नागमोडी वळणे घेतच पुढे सरकावे लागते. परतीच्या वेळेचा हिशेब याच दृष्टीने करावा.

होडी उलटल्यास पोहत काठ गाठण्याचा मोह टाळावा. होडीला धरून राहावे. दुरून माणसाच्या डोक्यापेक्षा होडी लवकर दिसते. शिडाच्या दोऱ्या सैल सोडून होडीचे नाक वाऱ्याकडे करावे आणि तळातून बाहेर आलेल्या फळीवर भार देऊन ती सरळ करावी. आत साचलेले पाणी उपसण्यासाठी बादली आधीच होडीला बांधून ठेवलेली असावी. हा सराव उथळ पाण्यात, जाणत्यांच्या देखरेखीखाली प्रथम करून घ्यावा.

आपल्या दृष्टीने

होल्ट यांच्याच आराखड्याची ‘एन्टरप्राइज’ ही १९५६ ची होडी भारतीय नौकानयनपटूंच्या परिचयाची आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धेतील नौकानयन मुंबईच्या सागरात झाले, तेव्हा फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ या वर्गात सुवर्णपदक मिळविले. तीही मुळात प्लायवुडच्या सपाट फळ्यांतून घडणारी होडी होय. खडकवासल्याच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या हाकण्याचे शिक्षण घेतात.

माध्यमिक शाळेच्या कार्यशाळेत असा एखादा संच जोडला गेला, तर भूमिती, वाऱ्याचे बल आणि हस्तकौशल्य हे तिन्ही विषय विद्यार्थ्यांच्या हाताखालून जातील. जलाशयाकाठच्या ग्रामपंचायतीने असा उपक्रम हाती घेताना जलसंपदा विभागाची परवानगी, जाणता शिक्षक आणि मदतीसाठी तयार असलेली दुसरी होडी या तीन गोष्टींची व्यवस्था आधी करावी. होडी स्वस्त झाली म्हणून पाणी कमी खोल होत नाही, याचे भान ठेवल्यास हा छंद अनेकांना निर्भयपणे जोपासता येईल.