पाय विसरू नकोस

स्पिनची भीती वाटते हे तू स्वतःहून सांगितलंस, ते फार बरं केलंस. आईजवळ बोलू नकोस म्हणालीस, नाही बोलणार. पण इन्स्ट्रक्टरजवळ तू नक्की बोल. घाबरलेला विद्यार्थी स्टिक आवळून धरतो, आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाला त्याची आधीच कल्पना असलेली बरी.

आधी काय घडतं ते समजून घे. नाक वर वर घेत गेलीस की एका मर्यादेनंतर हवा पंखाला धरून वाहत नाही, आणि पंख विमानाला पेलेनासा होतो. हा स्टॉल, तो तू केलेला आहेस. त्याच वेळी विमान एका बाजूला वळत असेल, तर आतल्या बाजूचा पंख जास्त स्टॉल होतो, खाली जातो, मागे ओढला जातो, आणि विमान त्या बाजूला फिरत फिरत खाली येऊ लागतं. एवढंच. विमान मोडलेलं नसतं, इंजिनही बिघडलेलं नसतं. म्हणूनच त्यातून बाहेर येता येतं.

पहिल्या वेळी मला समोर आभाळ दिसलंच नाही. नुसती जमीन, तीही फिरणारी. अशा वेळी हात आपोआप स्टिक पोटाशी ओढायला बघतो, कारण जमीन अंगावर येताना कुणालाही नाक वर करावंसं वाटतं. दुसरा मोह म्हणजे स्टिक उलट्या बाजूला टाकून पंख सरळ करण्याचा. दोन्ही टाळायचं. ओढत राहिलीस तर स्टॉल सुटत नाही, आणि एलेरॉन दिलंस तर बुडालेला पंख आणखी बुडू शकतो. तिथे तुला वाचवतात ते पाय.

थ्रॉटल बंद. एलेरॉन मधे. टर्न कोऑर्डिनेटरमधलं छोटं विमान कुठे झुकलंय ते बघ आणि त्याच्या उलट्या बाजूचा रडर पूर्ण दाब, अगदी टेकेपर्यंत. मग स्टिक ठामपणे पुढे. फिरणं थांबलं रे थांबलं की रडर मधे आण, नाहीतर दुसऱ्या बाजूला फिरायला लागशील. आता नाक खाली असतं आणि वेग झपाट्यानं वाढतो, म्हणून बेतानं वर घे, हिसका देऊ नकोस. रात्री खुर्चीत बसून, डोळे मिटून, पायांसकट हा क्रम घोक. मात्र तुझ्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये क्रम वेगळा असेल, तर तोच खरा.

हे ज्ञान फुकट मिळालेलं नाही गं. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क नावाचा वैमानिक स्पिनमध्ये सापडला. तेव्हा त्यातून सुटायची रीत कुणी शिकवत नव्हतं. बाकी उपाय हरल्यावर त्यानं उलटा रडर पूर्ण दाबला आणि जमीन अगदी जवळ आलेली असताना विमान सावरलं. पुढे पहिल्या महायुद्धात लिंडेमन या शास्त्रज्ञानं स्वतः विमान उडवत मुद्दाम स्पिन केले आणि त्यामागचं गणित तपासलं.

आणि आपल्या निफाड तालुक्यातच बघ. ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्याला लोक अजून 'मिग'च म्हणतात. तिथे १७ ऑक्टोबर २०२५ रोजी एचटीटी-४० या ट्रेनर विमानाची उत्पादन साखळी सुरू झाली. हवाई दलातली मुलं-मुली त्यावर पहिले धडे घेणार, म्हणून ते स्पिनमध्ये टाकून बाहेर काढून तपासलेलं आहे. एचएएलच्याच एचजेटी-३६ या ट्रेनर विमानाचं काम स्पिनच्याच अडचणीनं वर्षानुवर्षं अडलं होतं. उभी शेपटी मागे सरकवून, रडर मोठा करून ते २०१९ मध्ये पुन्हा उडालं. इतके जाणते लोक ज्याला एवढं जपतात, त्याची तुला धास्ती वाटली तर त्यात कमीपणा कसला?

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. सेस्ना १५२ चं मॅन्युअल सांगतं की एका फेरीच्या स्पिनमधून बाहेर येईपर्यंत किमान १,००० फूट उंची जाईल असं धरून चालावं. सर्किट आपण साधारण तेवढ्याच उंचीवर उडतो आणि फायनलचं वळण त्याच्याही खाली. तिथे स्पिन लागला तर क्रम पाठ असून उपयोग नाही. धावपट्टी निसटतेय म्हणून आतल्या बाजूचा रडर दाबून, नाक वर ओढून वळण आवळायचा मोह होतो ना, नेमकी तिथेच माणसं जातात. वळण चुकलं तर फेरी सोडून दे, पुन्हा ये. लोक काय म्हणतील याचा विचारही करू नकोस. वर, भरपूर उंचीवर तू जो स्पिन करशील, तो त्याची चाहूल अंगात मुरावी यासाठी: स्टिक ढिली पडणं, थरथर, एक पंख हळूच खाली जाणं. बाहेर कसं यायचं यापेक्षा ही चाहूल जास्त लक्ष देऊन शीक.

उड्डाणाआधी मॅन्युअल उघडून स्पिनला परवानगी आहे का ते स्वतः वाच. डायमंड डीए-४० मध्ये मुद्दाम स्पिन करायला मनाई आहे. सेस्ना १७२ मध्ये तो फक्त युटिलिटी गटाच्या वजनात चालतो, मागच्या सीटवर कुणी नसताना. वजनाचा हिशेब तू स्वतः मांड. खिशातला फोन, पेन, सैल वस्तू काढून ठेव. किती उंचीवर सुरू करणार आणि किती उंचीच्या आत बाहेर येणार, ते इन्स्ट्रक्टरला स्पष्ट विचार. यातल्या एका जरी गोष्टीचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर त्या दिवशी स्पिनला जाऊ नकोस आणि मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.