बेल्टला तेल लावू नकोस, राणी

हे बघ, गाडी कुईकुई करतेय म्हणून मागचं चाक फिरवणाऱ्या बेल्टवर तेल मारू नकोस. गॅरेजमध्ये कुणी स्प्रेचा डबा उचललाच, तर सरळ नको म्हण. तेल चेनला लागतं, बेल्टला नाही. तेलानं रबर फुगतं आणि पाचगणीची तांबडी माती त्यावर चिकटून दातांत घट्ट बसते. चार दिवस बरं वाटेल, मग आवाज आणखी वाढेल.

आणि घाबरूनही जाऊ नकोस गं. 1980 साली हार्ले-डेव्हिडसननं आपल्या स्टर्जिस मोटरसायकलला मागच्या चाकासाठी दातेरी बेल्ट दिला, तेव्हापासून हे बेल्ट जड गाड्या ओढताहेत. तुझी गाडी विजेवरची. इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे बारीकसा आवाजही थेट कानावर येतो.

पसरणीच्या घाटात तू रोज चढ-उतार करतेस, आवाज कुठून येतो ते शोधायला त्याचाच उपयोग कर. चढताना मोटर चाकाला ओढते, तेव्हा बेल्टची वरची बाजू ताणलेली असते. उतारावर थ्रॉटल सोडलास की उलट होतं: चाक मोटरला फिरवतं, बॅटरीत थोडी वीज परत जाते आणि ताण खालच्या बाजूला येतो. आवाज चढावर जोर लागतानाच येत असेल, तर आधी बेल्टचा ताण तपासायचा. ब्रेक दाबल्यावरच येत असेल, तर बेल्टला कशाला दोष द्यायचा? ब्रेक पॅड बघ. मात्र ही परीक्षा बॅटरी पूर्ण भरलेली असताना करू नकोस. तेव्हा वीज परत घ्यायला जागाच नसते, उताराचा सगळा भार ब्रेकवर येतो आणि आपला अंदाज चुकतो.

मग घरी, सपाट जागेवर, गाडी बंद करून मेन स्टँडवर लाव. ओढणी आधी कमरेला खोच, बोटं पुलीपासून लांब ठेव. टायरवर एक आणि बेल्टवर एक अशा खडूच्या दोन खुणा कर आणि चाक हातानं हळू फिरव. बेल्ट चाकापेक्षा सावकाश फेरी मारतो, म्हणून हे कळतं. टायरची खूण वर आली की दर वेळी आवाज होत असेल, तर बेअरिंग किंवा डिस्क. बेल्टच्या खुणेबरोबर होत असेल, तर त्या जागी दातांत खडा अडकलाय का, एखादा दात झिजलाय का ते बघ. सलग येत असेल, तर थोडं पाणी शिंपड. पाण्यानं घटकाभर थांबला, तर धूळ तरी असेल किंवा बेल्टची कड पुलीला घासतेय. साबणाच्या कोमट पाण्यानं, जुन्या टूथब्रशनं दातन् दात धू आणि पूर्ण वाळू दे.

धुऊनही राहिला तर मला शंका चाकाचीच. टायर बदलताना मागचं चाक काढलं होतं ना? अ‍ॅक्सल एका बाजूला केसभर पुढे बसला तरी बेल्ट तिरका धावतो. गॅरेजवाल्याला अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून घ्यायला सांग. ताणही बोटानं दाबून नाही, मापानं बघायला लाव. 'थोडा टाइट करून देतो ताई' म्हणाले तर ऐकू नकोस. जास्त ताणलेला बेल्ट बेअरिंग खातो.

आवाज कधी येतो, चढावर की उतारावर, कोरड्यात की पावसात, ते कागदावर लिहून गॅरेजमध्ये ने. समोर उभी राहून बघ, संकोच कसला! आणि दात तुटलेला किंवा कडेचे धागे निघालेले दिसले, तर त्या गाडीवर घाट उतरायचा नाही. फोन कर, मी वाईहून तुला न्यायला येते.