धानाच्या रोग-किडींची छायाचित्रे मोबाईलवर कशी घ्यावीत

पोळा आटोपतो, हलक्या धानाच्या लोंबी निसवू लागतात आणि अशा वेळी बांधीच्या मध्यभागी एखादा पिवळट चट्टा दृष्टीस पडतो. आज तो सुपाएवढा असतो. चार-सहा दिवसांत खाटेएवढा होतो. शेतकरी धुऱ्यावर उभा राहतो, खिशातील स्मार्टफोन काढतो, एक छायाचित्र घेतो आणि गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्याकडे पाठवून विचारतो, "साहेब, कोणते औषध मारू?" कर्मचाऱ्याला त्या छायाचित्रात आभाळ, दूरचे झाड आणि हिरव्या रंगात मिसळलेला थोडा पिवळा रंग यापलीकडे काहीच दिसत नाही. तरीही उत्तर तर द्यावयाचे असते. येथेच चुकीस आरंभ होतो.

सौंदड हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील गाव मुंबई–कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर असून गोंदिया–बल्लारपूर लोहमार्गावरील स्थानकही आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाचे साकोली येथील संशोधन केंद्र येथून फार दूर नाही. जिल्ह्याचे कृषि विज्ञान केंद्र हिवरा येथे आहे. परंतु ऐन हंगामात प्रत्येक बांधीवर तज्ञाने येऊन उभे राहणे कोठेही शक्य होत नाही. रोगट पान कागदात गुंडाळून तालुक्याला न्यावे, तर ते पोहोचेपर्यंत सुकून वळते आणि मूळ लक्षणे ओळखू येत नाहीत. मोबाईलवरील छायाचित्र क्षणात पोहोचते व वाटेत सुकत नाही. तेव्हा या साधनाचा उपयोग अवश्य करावा. मात्र जे तज्ञाने स्वतः येऊन, वाकून, चूड फाकून पाहिले असते, तेच छायाचित्रात उतरले पाहिजे.

पिवळेपणाची कारणे अनेक

धान पिवळे पडण्यास एकच कारण नसते. नत्र कमी पडले तर जुनी, खालची पाने आधी सारखी पिवळी होतात. जस्ताची उणीव असेल तर रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके येतात. कडा करपा हा जिवाणूजन्य रोग पानाच्या शेंड्याकडून सुरू होऊन कडेकडेने नागमोडी पट्ट्याने खाली उतरतो. तपकिरी तुडतुडे पडले असतील तर रोपे बुंध्यातून शोषली जाऊन बांधीत गोल आकाराचे चट्टे पडतात व पीक जळाल्यासारखे दिसते.

धुऱ्यावरून घेतलेल्या छायाचित्रात ही सर्व कारणे जवळजवळ सारखीच दिसतात. उपाय मात्र सारखे नाहीत. इतकेच नव्हे, तर ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. पिवळेपणा पाहून नत्राची उणीव समजून युरिया दिला आणि प्रत्यक्षात तुडतुडे अथवा कडा करपा असला, तर त्या नत्राने कीड व रोग दोन्ही बळावतात. तुडतुड्यांवर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषध फवारले तर त्यांचे नैसर्गिक शत्रू मरून तुडतुडे उलट वाढू शकतात. कडा करप्यावर साधे बुरशीनाशक मारले तर पैसा पाण्यात जातो, कारण हा रोग बुरशीचा नव्हे. एका अपुऱ्या छायाचित्रावर इतके अवलंबून असते.

चार अंतरांवरून चार छायाचित्रे

एका छायाचित्रात सर्व काही मावत नाही. पहिले छायाचित्र दुरून घ्यावे. त्यात संपूर्ण बांधी, चट्ट्याचा आकार, तो मध्यभागी आहे की पाणी शिरते त्या बाजूस, लगतच्या बांधीचे पीक कसे आहे, हे दिसावे. मोबाईल डोक्याच्या वर धरल्यास चट्ट्याची व्याप्ती अधिक चांगली कळते. दुसरे छायाचित्र दोन हातांवरून घ्यावे. त्यात एक रोगट व शेजारचा एक निरोगी चूड असे दोन्ही यावेत. निरोगी रोप दाखविण्याचे अनेकांना सुचत नाही. परंतु तुलनेवाचून निदान लंगडे राहते. जुनी पाने पिवळी की नवी, हेही येथेच दिसते.

तिसरे छायाचित्र अगदी जवळून, लक्षणाचे. बहुतेक मोबाईलचा साधा कॅमेरा वितीच्या निम्म्यापेक्षा जवळ नेला की चित्र धूसर होते. म्हणून साधारण वीतभर अंतर ठेवावे आणि बोटांनी चित्र ताणून मोठे करू नये. तसे केल्याने तपशील वाढत नाही, केवळ ठिपका मोठा व पुसट होतो. करप्याचा ठिपका डोळ्याच्या आकाराचा असतो: दोन्ही टोकांस निमुळता, मध्ये राखी, कडेला तपकिरी. हा आकार स्पष्ट उतरला तर जाणकाराला फार विचारावे लागत नाही. आकारमान कळावे म्हणून पानाशेजारी दहा रुपयांचे नाणे किंवा आगकाडी ठेवावी. दहाच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यावरून ठिपक्याचे माप काढता येते.

चौथे छायाचित्र बुंध्याचे. धानाच्या बाबतीत हे सर्वांत महत्त्वाचे आणि नेमके हेच वगळले जाते, कारण त्यासाठी चिखलात उतरावे लागते. तुडतुडे पानावर बसत नाहीत, पाण्याच्या वर बुंध्याला चिकटून असतात. पर्णकोष करप्याचे हिरवट-राखी लांबट डागही प्रथम पाण्याच्या पातळीजवळच उठतात. दोन्ही हातांनी चूड फाकावे व दुसऱ्या माणसाने मोबाईल खाली नेऊन छायाचित्र घ्यावे. एकट्याने हे साधत नाही. तुडतुडे चपळ असून चाहूल लागताच खोडाच्या मागील बाजूस सरकतात. तेव्हा चूड वाकवून खाली पांढरा कागद धरावा, बुंध्यावर दोन-तीन टिचक्या माराव्यात आणि कागदावर पडलेल्या किडींचे लगेच छायाचित्र घ्यावे. स्टीलच्या ताटाचा उपयोग करू नये, ते चमकते. कागदावर कोळी किंवा हिरवट-काळे मिरिड ढेकूण पडले तर तेही झटकून न टाकता चित्रात येऊ द्यावेत. हे तुडतुड्यांचे शत्रू होत आणि त्यांची संख्या भरपूर असेल तर सल्लागार फवारणी थांबविण्यासही सांगू शकतो.

खोडकिडा व गादमाशी यांच्या बाबतीत केवळ उभ्या पिकाचे छायाचित्र पुरत नाही. सुकलेला पोंगा हळूच ओढावा. तो सहज निघून आला व त्याचे खालचे टोक कुरतडलेले असले तर ते टोक, आणि खोड उभे चिरून आत अळी असल्यास ती, दाखवावी. गादमाशीचा चंदेरी पोंगा कांद्याच्या पातीसारखा पोकळ असतो. एक अखंड व एक चिरलेला, असे दोन तळहातावर शेजारी ठेवून घ्यावेत.

कडा करप्याची शंका असल्यास घरच्या घरी एक परीक्षा करता येते व तिचेही छायाचित्र घेता येते. रोगट आणि हिरवा भाग जेथे मिळतो तेथे पान कापून तुकडा काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात उभा धरावा. काही मिनिटांत कापल्या जागेतून दुधाळ धार सुटताना दिसली तर रोग जिवाणूंचा आहे. पेल्यामागे काळी छत्री किंवा गडद कापड धरल्यावाचून ती धार कॅमेऱ्यास दिसत नाही.

उजेड, स्थिरता आणि स्वच्छ काच

पावसाळ्यातील ढगाळ दिवसाबद्दल शेतकरी कुरकुरत असला तरी छायाचित्रासाठी त्यासारखा उजेड नाही. तो सर्व बाजूंनी सारखा पडतो. भर दुपारच्या उन्हात ओले पान जागोजागी पांढरे चमकते आणि त्या चमकीत ठिपके नाहीसे होतात. उन्हाच्या वेळी छायाचित्र घेणे भागच असेल तर छत्री धरून पानावर सावली करावी. मात्र सावली सबंध पानावर असावी, अर्ध्यावर नव्हे. फ्लॅशचा उपयोग जवळच्या छायाचित्रात करू नये. बुंध्याशी अंधार असल्यास दुसऱ्या मोबाईलची बॅटरी बाजूने तिरपी धरावी.

पान वाऱ्याने हलते व मागील हिरवळीत मिसळते. म्हणून ते तळहातावर अथवा पोत्याच्या तुकड्यावर टेकवावे. पांढराशुभ्र कागद पानामागे धरण्याची पद्धत चांगली वाटली तरी तिच्यात एक दोष आहे: कॅमेरा त्या पांढरेपणास फसून सबंध चित्र काळवंडतो आणि पानाचा खरा रंग जातो. किडी मोजण्यासाठी पांढरा कागद ठीक, पानाच्या रंगासाठी तळहात बरा.

पडद्यावर जेथे ठिपका दिसतो तेथेच बोट टेकवावे, म्हणजे कॅमेरा त्या जागी दृष्टी स्थिर करतो. काही क्षण बोट तसेच दाबून ठेवल्यास बऱ्याच मोबाईलमध्ये ती दृष्टी कायम राहते. कोपरे अंगाशी टेकवावीत, श्वास रोखावा, मगच कळ दाबावी. एकाऐवजी तीन छायाचित्रे घेऊन त्यांतील स्पष्ट तेवढे ठेवावे. रंग खुलविणारे किंवा पार्श्वभूमी पुसट करणारे प्रकार बंद ठेवावेत. वरवधूंच्या छायाचित्रास ते शोभतात, रोगट पानास नाहीत. आणि या सर्वांच्या आधी भिंगाची काच मऊ सुती कापडाने पुसावी. चिखलाच्या व तेलकट बोटांचे ठसे हेच शेतातील निम्म्या धूसर चित्रांचे कारण असते. घरातील शाळकरी मुलामुलींच्या हाती हे काम दिल्यास ती वडीलधाऱ्यांपेक्षा अधिक सफाईने करतात, असे दिसून येते.

पाठविताना

व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र पाठविल्यास ते आकाराने लहान केले जाते व बारीक तपशील गळतो. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठविल्यास मूळ रूपात पोहोचते. सोबत चार ओळी अवश्य लिहाव्यात: वाण कोणता, रोवणी कोणत्या तारखेची, खत कोणते व केव्हा दिले, बांधीत पाणी किती, आधी कोणती फवारणी झाली. याविना उत्तम छायाचित्रही अर्धवटच ठरते. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणालीच्या ॲपमध्ये यंत्रच छायाचित्रावरून कीड ओळखण्याचा प्रयत्न करते. यंत्रासही धूसर चित्र उमगत नाही, आणि त्याने दिलेल्या नावावर विसंबून लागलीच औषध खरेदी न करता कृषी कर्मचाऱ्याचा दुजोरा घ्यावा.

ई-पीक पाहणीसाठीचे छायाचित्र वेगळ्या हेतूचे असते. राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या या पद्धतीत शेतकरी स्वतः आपल्या पिकाची नोंद करतो व ती गाव नमुना बारामध्ये जाते. तेथे ठिपक्याचे नव्हे, उभ्या पिकाचे चित्र हवे. ते आपल्याच गटात उभे राहून, मोबाईलमधील स्थाननिश्चिती चालू ठेवून, दाट झाडापासून दूर घ्यावे.

सल्ल्याप्रमाणे उपाय केल्यावर काम संपत नाही. ज्या चुडाचे छायाचित्र पाठविले त्याच्याशेजारी बांबूची काडी रोवून ठेवावी आणि चौथ्या व आठव्या दिवशी त्याच जागेवरून, शक्यतो त्याच वेळी, पुन्हा छायाचित्र घ्यावे. तुडतुड्यांसाठी बांधीतील पाणी काढले असेल व औषध बुंध्यापर्यंत पोहोचले असेल, तर काडीपाशी चट्टा वाढलेला नसेल. वाढला असेल तर तीन दिवसांची तीन चित्रे एकत्र पाठवून नव्याने विचारावे.