रुजू झालास, आता एवढं ऐक

बेटा, पहिल्या दिवसापासून एक जाड फाइल तयार कर. नेमणुकीचं पत्र, रुजू अहवाल, विद्यापीठाचं अप्रूव्हल, ओरिएंटेशन आणि रिफ्रेशरची प्रमाणपत्रं, सगळं मूळ आणि सोबत दोन झेरॉक्स. पीएच.डी. असलेल्यालाही लेव्हल 10 वरून 11 वर जायला चार वर्षं जातात. तोवर ऑफिसातला बाबू बदललेला असतो आणि प्रत्येक कागद तुलाच मागितला जातो. कागदांबद्दल सांगणारे तुला खूप भेटतील, म्हणून मी तो विषय इथेच सोडते. मला सांगायचं आहे ते माणसांबद्दल. ज्यांचं काम आपल्या हातात अडकलेलं असतं, पण जी कित्येकदा आपल्यासमोर नसतात, त्यांच्याशी कसं वागायचं ते कुठल्या रिफ्रेशरमध्ये शिकवत नाहीत.

सगळ्यात आधी उत्तरपत्रिका. उन्हाळी परीक्षेचं मूल्यांकन ऐन तापत्या दिवसांत येतं, पारा 45 च्या आसपास असतो आणि डोकं दुपारी एकनंतर चालत नाही. म्हणून सकाळी लवकर केंद्रावर जा. पहिल्या पाच-सहा उत्तरपत्रिका गुण न देता नुसत्या वाच, वर्गाची पातळी कळते. मग पहिलीपासून सुरू कर. नाही तर सकाळच्या मुलाला एक माप आणि दुपारच्याला दुसरं, असं होतं. शून्य देण्याआधी पुढची दोन पानं उलट. मुलं विसरलेलं उत्तर शेवटी लिहितात आणि प्रश्नाचा क्रमांक चुकवतात. स्क्रीनवर तपासताना तर हे हमखास निसटतं. बेरीज स्वतः पुन्हा कर. एका गुणाने एटीकेटी लागलेल्या पोट्ट्याचं पुनर्मूल्यांकन होऊन निकाल येईपर्यंत पुढचे प्रवेश संपलेले असू शकतात.

आणि भाषेवर गुण कापू नकोस. आपल्या विद्यापीठाला नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया असे चार जिल्हे. साकोली-देवरीकडची मुलं घरात झाडीबोली बोलतात, आर्वीकडची वऱ्हाडी, शहरातली बरीच हिंदी. परीक्षा अर्थशास्त्राची असेल तर मागणी-पुरवठा समजला की नाही एवढंच बघायचं. डॉ. वि. भि. कोलते 1966 ते 1972 या काळात इथले कुलगुरू होते. महानुभाव पोथ्यांवर त्यांनी आयुष्य घातलं आणि ‘लीळाचरित्रा’ची संहिता सिद्ध केली. याच विदर्भाच्या मातीतलं, लोकांच्या बोलण्यातलं ते गद्य. ज्या विद्यापीठाचे कुलगुरू त्या भाषेसाठी झिजले, तिथल्या मूल्यांकन केंद्रावर कुणाच्या बोलीवर हसू नये. एखादं उत्तर चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत तुला दिसेल. तू त्या टेबलावर बसू नकोस. बारकोडमुळे नाव झाकलेलं असतं, माणूस तरी असतोच ना.

दुसरी गोष्ट तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांची. तुझ्याइतकंच शिकलेला, नेट-सेट झालेला, कधी तुझ्याआधी पीएच.डी. मिळवलेला माणूस शेजारच्या खुर्चीवर असेल. त्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात. तास झाला नाही तर पैसे नाहीत, सुट्टीतही नाहीत, आणि झालेल्या तासांचे कित्येकदा महिनोन्‌महिने येत नाहीत. तेव्हा पाहुणे आले, गॅदरिंगची तालीम आहे, म्हणून वर्ग सोडायचा ठरला तर आधी बघ की तास कुणाचा आहे. त्याचा असेल तर तुझा दे. तुला नियमाने आठवड्याला 16 तास आहेत आणि पगार महिन्याचा आहे. तुझा एक तास पुढे ढकलता येतो. नॅकची माहिती भरायचं, रात्री बसून फोटो चिकटवायचं काम त्याच्यावर लोटू नकोस. पोरांसमोर त्याला नुसत्या आडनावाने हाक मारू नकोस, सर म्हण. स्टाफरूममध्ये वेतन आयोगाच्या थकबाकीचा हिशेब तो बसलेला असताना काढू नये. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या महाविद्यालयांत शिकवण्याचा किती भार या लोकांनी उचललाय ते वेळापत्रक उघडलं की दिसतं, आणि त्यांना आपण देऊ शकतो तो मान तरी कमी पडू नये.

प्रात्यक्षिकाला बहिःस्थ परीक्षक म्हणून जाशील तेव्हा पहिला प्रश्न सोपा विचार. नाव, गाव, जर्नलमधला आवडलेला प्रयोग. मूल बोलायला लागलं की मग खोलात जा. शाल-श्रीफळ आणि मोठं जेवण यांना आधीच फोन करून नाही म्हण, कारण तो खर्च अनेकदा पोरांच्या वर्गणीतून होतो.

हिवाळी परीक्षा आणि विधिमंडळाचं नागपुरातलं अधिवेशन डिसेंबरात एकत्र आलं तर पर्यवेक्षणाला तासभर आधी निघ. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवतात, बर्डीकडचे रस्ते तुंबतात. रामटेक, उमरेडहून एसटीने येणारी मुलं घामेजून, घाबरून पोहोचतात. नियमात जेवढी मुभा आहे तेवढी पूर्ण दे, आधी पाणी प्यायला सांग, उशिराचा जाब तेव्हा विचारू नकोस. त्यांचे पेपरचे तीन तास आधीच आटलेले असतात.

शिफारसपत्र स्वतः लिही. विद्यार्थ्याने लिहून आणलेल्या कागदावर सही करू नये. चांगलं लिहिता येणार नसेल तर पहिल्याच भेटीत तसं सांग, म्हणजे त्याला दुसऱ्या सरांकडे जायला वेळ उरतो.

पुढे गाइड होशील. सहायक प्राध्यापकाला एका वेळी चारच विद्यार्थी घेता येतात, ते चारही भरायची घाई नको. ज्या लेखात तू काम केलं नाहीस त्यावर तुझं नाव घालू देऊ नकोस. पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांपासून मुलांना लांब ठेव. प्रबंध शोधगंगेवर कायमचा राहतो आणि कोणीही उघडून बघतो. घरची भाजी, बँकेची रांग, मुलांच्या शाळेची फी यासाठी विद्यार्थ्याला पाठवायचं नाही, तो आपणहून म्हणाला तरी नाही. प्रकरण हातात आलं की त्यावर तारीख टाक आणि पंधरा दिवसांत वाचून परत कर. भेटीचा एक वार ठरव आणि तो पाळ. गोंदियाची मुलगी सकाळी महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून येते, त्यासाठी रजा टाकते, लेकरू सासूकडे ठेवते. अचानक बैठक लागली तर आदल्या रात्रीच फोन कर, ती गाडीत बसल्यावर नको.