पायऱ्यापायऱ्यांनी वाढणारा कोळी

तुमची उंची वर्षानुवर्षे वाढत असते, पण ती कोणत्या दिवशी वाढली हे सांगता येत नाही. तुमची वाढ हळूहळू आणि अखंड चालू असते. टॅरंटुला या मोठ्या, केसाळ कोळ्याचे तसे नाही. त्याच्या पायांची लांबी महिनोन्महिने मुळीच बदलत नाही आणि मग काही तासांतच ती एकदम वाढते. तुमच्या वाढीचा आलेख चढणीच्या रस्त्यासारखा, तर त्याच्या वाढीचा आलेख जिन्याच्या पायऱ्यांसारखा असतो. असे का होते, ते या लेखात पाहू.

टॅरंटुला म्हणजे कोण?

हे नाव इटलीतील तारांतो शहरावरून पडले. मुळात ते तिथल्या एका वेगळ्याच कोळ्याचे होते. आज थेराफोसिडी या कुलातील कोळ्यांना टॅरंटुला म्हणतात. त्यांच्या हजाराहून अधिक जाती ज्ञात आहेत. आपल्या सह्याद्रीतही झाडांच्या ढोलीत आणि जमिनीतील बिळांत यांच्या काही जाती राहतात. अमेरिकेत व युरोपात अनेक लोक हे कोळी काचेच्या पेटीत पाळतात. मेक्सिकोतील लाल गुडघ्यांचा टॅरंटुला त्यांत विशेष प्रसिद्ध आहे.

कात का टाकावी लागते?

कोळ्याला आपल्यासारखी हाडे नसतात. त्याच्या शरीराला बाहेरून कायटिनयुक्त कवचाचा आधार असतो. पायांवरचे आणि शिरोवक्षावरचे हे कवच कठीण असते, ते ताणले जात नाही. उदराचे आवरण मात्र मऊ असते. म्हणून भरपूर खाल्लेल्या कोळ्याचे पोट फुगते, पण पाय आहेत तेवढेच राहतात. साहजिकच, कोळ्याची वाढ मोजायची असेल तर पोट मोजून उपयोग नाही. शिरोवक्षावरील पृष्ठकवच मोजले पाहिजे.

जुन्या कवचाखाली नवे, मऊ, घडी पडलेले कवच तयार होते. तेव्हा कोळी खाणे सोडतो. मग बहुधा तो पाठीवर उताणा पडतो, जुने कवच फाटते आणि मोज्यातून पाय काढावा तसा एकेक पाय बाहेर येतो. नवे कवच मऊ असेपर्यंत ताणून मोठे होते आणि नंतर कठीण बनते. तुटलेला पायही अशा वेळी पुन्हा उगवू शकतो. प्रथम तो थोडा आखूड असतो.

या काळात कोळी अगदी दुबळा असतो. त्याचे विषदंतही पांढरे आणि मऊ असतात. पेटीत जिवंत नाकतोडा राहिला, तर भक्ष्यच शिकाऱ्याला इजा करू शकते. उताणा पडलेला कोळी मेला असे समजून नवशिके लोक त्याला हलवतात, क्वचित फेकूनही देतात!

वाढीचे गणित

१८९० साली हॅरिसन डायर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाला असे आढळले, की सुरवंटाच्या डोक्याची रुंदी दर कातीला ठरावीक पटीने वाढते. पुढे व्हिएन्नाचे हान्स प्रझिब्राम यांनी असा नियम मांडला, की दोन कातींच्या दरम्यान प्राण्याचे वजन सुमारे दुप्पट होते. आकार तोच राहून वजन दुप्पट झाले, तर लांबी २ च्या घनमूळाइतक्या पटीने, म्हणजे सुमारे १.२६ पट वाढेल. ताळा करून पाहा: १.२६ × १.२६ × १.२६ = २.०००, म्हणजे तीन कातींत लांबी दुप्पट.

समजा, पिलाचे पृष्ठकवच २ मि.मी. आहे. तीन कातींनंतर ते ४, सहा कातींनंतर ८, नऊ कातींनंतर १६ आणि दहा कातींनंतर सुमारे २० मि.मी. होईल. वजन मात्र हजारपटीहून अधिक झालेले असेल! हा नियम ढोबळ आहे. जात, अन्न आणि लिंग यांप्रमाणे ही पट कमीअधिक होते.

अंड्यापासून प्रौढापर्यंत

मादी रेशमाच्या थैलीत शेकडो अंडी घालते आणि थैलीची राखण करते. अंड्यांतून निघालेली फिकट पिले आरंभी काहीच खात नाहीत. अंड्यातील बलकावरच जगतात. पुढे कात टाकून ती खऱ्या अर्थाने छोटे कोळी बनतात आणि शिकार करू लागतात. लहान पिलू वर्षातून अनेकदा कात टाकते, तर प्रौढ मादी वर्षातून एखादेच वेळी, कधी त्याहूनही उशिरा. ऊब आणि अन्न भरपूर मिळाले की हे अंतर कमी होते. म्हणून कातींच्या संख्येवरून वय सांगता येत नाही.

प्रौढ झाल्यावर नराची आणि मादीची वाट वेगळी होते. शेवटच्या कातीनंतर नराच्या तोंडाशेजारच्या दोन आखूड उपांगांच्या टोकाला शुक्राणू वाहून नेणारे फुगीर अवयव दिसतात. तो बीळ सोडून मादीच्या शोधात निघतो आणि पुढे फार दिवस जगत नाही. मादी मात्र प्रौढपणीही कात टाकत राहते. कातीबरोबर तिच्या शुक्रपिशवीचे अस्तरही निघून जाते. म्हणून तिला अंडी घालण्यासाठी पुन्हा मीलन करावे लागते. त्या अस्तरामुळेच टाकलेली कात तपासून मादी ओळखता येते.

मंद वाढीचा धोका

अमेरिकेतील अर्कान्सा विद्यापीठाच्या डब्ल्यू. जे. बेर्ग यांनी तेथील टॅरंटुला अनेक वर्षे पाळले. नर प्रौढ व्हायला दहा-एक वर्षे लागतात आणि माद्या वीस वर्षांहून अधिक जगतात, असे त्यांना दिसले. टॅरंटुलाचा दूरचा नातलग असलेल्या, बिळाला झाकण करणाऱ्या एका कोळ्याची नोंद तर त्याहून थक्क करणारी आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासातील 'क्रमांक १६' ही मादी २०१६ मध्ये मेल्याचे आढळले, तेव्हा तिचे वय ४३ वर्षे होते.

मादी वर्षानुवर्षे एकाच बिळात राहते. म्हणून ते बीळ सापडले की तिला पकडणे सोपे जाते. विक्रीसाठी अशी एक प्रौढ मादी उचलून नेली, तर तिची जागा घ्यायला पिलाला अनेक वर्षे लागतात आणि बहुतेक पिले तोवर जगतच नाहीत. म्हणूनच मेक्सिकोतील लाल गुडघ्यांच्या टॅरंटुलाच्या व्यापारावर १९८५ साली आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रण आणले गेले. सह्याद्रीत भटकताना असे बीळ दिसले, तर दुरूनच पाहा. काडी घालून डिवचू नका.

स्वाध्याय

१. एका टॅरंटुलाच्या लागोपाठच्या चार कातींवर पृष्ठकवचाची रुंदी ४, ५, ६.३ आणि ७.९ मि.मी. भरली. प्रत्येक वेळी ती किती पट झाली? पाचव्या कातीवर अंदाजे किती भरेल?

२. या मापांवरून कोळ्याचे वय सांगता येईल का? कारण द्या.

३. घराच्या कोपऱ्यातील जाळ्यात कोळ्याच्या पांढुरक्या काती लटकलेल्या असतात. त्या अलगद काढून एकाच जागचा पाय भिंगाखाली मोजा. मापांचे गट पडतात का, ते वहीत नोंदवा.